नाशिकची ऑफर घ्यावी का? पहिली नोकरी मिळेल हो, दुसरीचं काय?

पवननगरची_लेक

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

माझे आजोबा नाशिकरोडला करन्सी नोट प्रेसमध्ये होते, नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये राहायचे. वडील काही प्रेसमध्ये लागले नाहीत. सातपूरला आयटीआय करून टर्नर झाले, एमआयडीसीत चिकटले, सिडकोचं दोन खोल्यांचं घर घेतलं आणि पुढे त्यावर मजला चढवला. मी एका परदेशी बँकेचं पैसे पाठवायचं ॲप तपासते. म्हणजे आजोबांनी जन्मभर नोटा छापल्या आणि नात नोटांची गरजच पडू नये याचा पगार घेते. घरात या विनोदाला आता कोणी हसत नाही, इतका तो शिळा झालाय.

२०१३ ला इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून कॅम्पसमध्ये पुण्याची कंपनी लागली. आमच्या वर्गातले नाशिकमध्ये राहिलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यातले दोघे वडिलांच्या दुकानात बसतात. लग्नानंतरही नवरा इथल्या अंबड एमआयडीसीत, मी पुण्यात हिंजवडीला, असाच संसार. मार्च २०२० मध्ये लॅपटॉप उचलून पवननगरला आले ती परत गेलेच नाही. वरच्या खोलीत टेबल टाकलं. खाली आईच्या कुकरची शिट्टी झाली की लंडनची मंडळी विचारायची, कसला आवाज. मुलगा झाला, तो आता ज्युनिअर केजीत जातो, आजी-आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलाय.

गेल्या वर्षी कंपनीने फर्मान काढलं: आठवड्याला तीन दिवस ऑफिस. तेव्हापासून सोमवारी पहाटे साडेचारला ठक्कर बाजारहून गाडी. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव ठीक असतं, चाकण आलं की सगळं ठप्प. आणि पुण्यात मी जिथे उतरते त्या चौकाचं नाव काय, तर नाशिक फाटा. वाकडला तीन मुलींबरोबर खोली शेअर करते. त्या मला ताई म्हणतात आणि सिंकमधली भांडी ताईसाठी ठेवतात.

आता मुद्दा. मुंबई नाक्याजवळच्या एका साठ माणसांच्या कंपनीची ऑफर आलीय. काम तेच, टेस्टिंग. हातात सध्या १ लाख १८ हजार येतात, इथे ७६ हजार येतील. म्हणजे ४२ हजारांचा खड्डा. पण वाकडचं भाडं ११ हजार, येणं-जाणं ९ हजार, बाहेरचं खाणं ५ हजार, हे वाचतात. खरा तोटा १७ हजारांचा. तेवढ्यात रोज रात्री पोराशेजारी झोपायला मिळणार असेल तर मला महाग वाटत नाही.

भीती वेगळीच आहे. २०१९ मध्ये पुण्यात आमचं प्रोजेक्ट बंद पडलं. बाराव्या दिवशी दुसरी नोकरी, जुन्या ऑफिसपासून दोन किलोमीटरवर. घर बदललं नाही, डब्याची मावशी बदलली नाही. इथे या कंपनीने शटर ओढलं तर? शहरात माझ्या कामाच्या अजून किती जागा असतील? आणि तोवर मी ७६ हजारांवर आलेली असेन, पुण्यात परत गेले तर बोलणी तिथूनच सुरू होणार.

"नाशिकला आयटी येणार" हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. अंबडच्या आयटी पार्कची इमारत कॉलेजात असताना रिकामीच पाहिलीय. २०२१ च्या बजेटमध्ये टायरवर धावणारी मेट्रो जाहीर झाली, ती अजून जाहीरच आहे. वडील म्हणतात, आमच्या वेळी कंपन्यांच्या गेटवर खडूने लिहिलेलं असायचं, "टर्नर पाहिजे, फिटर पाहिजे", एक गेट सोडलं की समोरचं गेट. माझ्यासाठी असं गेट नाशिकमध्ये आहे का, एवढंच विचारायचंय. "आई-वडिलांजवळ राहा, पैसा काय आज आहे उद्या नाही" हे सल्ले घरी भरपूर मिळालेत, कृपया ते नकोत.


गोदाकाठचा_गण्या

आयटी नाही आलं तेच बरं ताई. तुम्हाला अजून गेट हवीत, म्हणजे आम्हाला अजून भाडी. पाथर्डी फाट्याला पाच वर्षांपूर्वी ज्या भाड्यात टू बीएचके घेतला, त्यात आज वन बीएचके दाखवतात आणि वर विचारतात, "दोघंही नोकरी करता ना?" द्वारकेच्या चौकात आत्ताच अर्धा तास जातो, हिंजवडी आणून वसवलीत तर रामकुंडावर पण टोकन घ्यावं लागेल. ऑफर घ्या, पण कोणाला सांगू नका.


इंदिरानगर_बोगदा

गण्याभाऊंचं सोडा. मी इथल्याच एका बीपीओत २००६ पासून आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे विमान कंपन्यांच्या तिकिटांचा हिशेब चालतो. एका तिकिटावर दोन विमान कंपन्यांचा प्रवास असेल तर कोणाला किती पैसे द्यायचे, कोणत्या विमानतळाचा कोणता कर, कोणत्या तारखेचा दर. ऐकायला सोपं वाटतं, पण करांचे कोड पाठ व्हायला मला दोन वर्षं लागली. शिफ्ट रात्रीची. पहाटे अडीचला ऑफिसबाहेर अंडाभुर्जीच्या चार गाड्या लागायच्या. त्यातल्या एका काकांनी त्या गाडीवर दोन मुली शिकवल्या. जागतिकीकरणाने नाशिकला काय दिलं असं कोणी विचारलं की मला आधी ती गाडी आठवते, नंतर माझी नोकरी.

तेव्हा आमच्या टीममध्ये ४० जण होतो. आज ११. कोणाला हाकललं नाही, गेलेल्याची जागा भरली नाही इतकंच. जुळवाजुळव आता सॉफ्टवेअर करतं. आम्ही ११ जण ते चुकलं कुठे ते शोधतो, म्हणजे थोडक्यात ताई, तुमचंच काम करतो. फक्त आम्हाला टेस्टर म्हणत नाहीत आणि तसा पगारही देत नाहीत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: गेट आहेत, पण बोटावर मोजण्याइतकी. सगळ्या गेटांवरची माणसं एकमेकांना ओळखतात. तुम्ही एका ठिकाणी राजीनामा दिलात की दुसऱ्या ठिकाणी चहाच्या वेळेपर्यंत कळलेलं असतं. हे चांगलं की वाईट ते तुमच्या स्वभावावर.


अंबडचा_टर्नर

लेकी, तुझ्या वडिलांना मी ओळखत असेन-नसेन, पण खडूची पाटी मी पाहिलीय. १९८४ ला सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडलो, तीन गेट बदलली आणि १९९६ ला अंबडला गाळा भाड्याने घेऊन एचएमटीचा जुना लेथ टाकला. आज चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ) आणि दोन व्हीएमसी (तशीच मिलिंगची मशीनं) आहेत, १४ माणसं आहेत. टाइप करायला वेळ लागतो, नातवाने शिकवलंय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुझ्या वडिलांच्या वेळी गेट का होती ते आधी सांगतो. सरकार दयाळू होतं किंवा मालक चांगले होते म्हणून नव्हे. सातपूर-अंबडला गाड्या बनायच्या, डिझेल पंपाचे सुटे भाग बनायचे, स्विचगिअर बनायचं, ओझरला विमानं बनायची. माल वेगवेगळा, पण लेथ सगळीकडे तोच. ज्याच्या हातात दहा मायक्रॉनचा टॉलरन्स होता तो माणूस कुठल्याही गेटमधून आत जाऊ शकायचा. शिवाय मोठ्या कंपनीच्या मागे आमच्यासारखे गाळे, गाळ्यांच्या मागे हार्डनिंगवाला, प्लेटिंगवाला, गेज तपासून देणारा. एक पडला तरी दुसरा धरायचा. आता तुमच्या आयटीत हे नाशिकला आहे का? माझ्या मते अजून नाही. इमारत बांधून ते येत नाही. आधी गाळे लागतात.

लोक म्हणतात जागतिकीकरण १९९१ ला आलं. माझ्याकडे ते २००१ च्या आसपास आलं, एका लाकडी पेटीतून. ज्या कंपनीला मी माल द्यायचो तिच्या जर्मनीतल्या हेड ऑफिसने गेज पाठवलं होतं. मखमलीत ठेवलेलं, सर्टिफिकेटसकट. मी पाच वर्षं जो जॉब, म्हणजे सुटा भाग, बनवत होतो तो त्या गेजमध्ये बसेना. आमच्या व्हर्नियरवर पास, पेटीतल्या गेजवर फेल. सुपरवायझर म्हणाला, "नाना, तुमचं चुकलेलं नाही, माप बदललंय." शंभरात दोन खराब निघाले तर आम्ही पेढे वाटायच्या बेतात असायचो. आता ते दहा लाखात किती खराब ते विचारू लागले. मी त्यांना म्हटलं, माझ्या हयातीत दहा लाख जॉब होतील का? झाले. त्याच जॉबचे झाले.

२००८ ची गोष्ट मात्र नीट वाच, कारण तुझा प्रश्न तोच आहे. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन बँक बुडाली. मी पेपरात वाचलं आणि पान उलटलं, म्हटलं आपल्याला काय. दिवाळीनंतर माझ्या गिऱ्हाइकाचं शेड्यूल अर्ध्यावर आलं, डिसेंबरमध्ये कोरा कागद आला. माझं दहातलं आठ आणे काम त्या एकाच कंपनीचं होतं. (आठ आणे म्हणजे ऐंशी टक्के, आमच्या गाळ्याचा हिशेब आहे, हसू नका.) व्हीएमसी नवीन घेतलेलं, बँकेच्या हप्त्यावर. त्याच्यावर प्लास्टिक टाकून ठेवलं आणि हप्ता चालू. सहा महिने मी त्या प्लास्टिककडे बघत चहा प्यायलो. त्या कंपनीने मला फसवलं नाही, पैसे बुडवले नाहीत, सगळं नियमाने झालं. पण एका माणसाच्या मानेवर बसून मी प्रवास करत होतो, आणि तो माणूस खाली बसला.

नंतर कानाला खडा लावला, एका गिऱ्हाइकाचं काम तीस टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही. म्हणून २०२० मध्ये वाचलो. तेव्हा तर डबल मार होता, २५ मार्चला लॉकडाऊन आणि १ एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम. जुन्या पंपांच्या भागांचं काम गेलं ते परत आलंच नाही. पण तोवर माझ्याकडे स्विचगिअरचे तांब्याचे कॉन्टॅक्ट होते. विजेची गाडी आली तरी वीज जोडायला आणि तोडायला तांबं लागणारच, असा माझा हिशेब. बघू.

तर ज्या कंपनीने तुला बोलावलंय तिला पगार विचारून झालाय, आता हे विचार: तुमची गिऱ्हाइकं किती, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं तर साठातली किती माणसं उरतील? लाजू नकोस. आम्हाला बँकेचा मॅनेजर हेच विचारतो.

आणि एक. माझ्या गाळ्यात तुझ्यासारखं काम आहे का, असं तू विचारलं नाहीस, पण सांगतो. दोन वर्षांपूर्वी इथल्या कॉलेजच्या पोरांनी माझ्या मशीनच्या वायरवर करंट मोजायचे सेन्सर बसवले. मशीन खरोखर कापतंय की नुसतं चालू आहे, ते मोबाइलवर दिसायचं. मला खात्री होती की पोरं रात्री झोपा काढतात. महिनाभर आकडे पाहिले तर आठ तासांच्या शिफ्टमध्ये मशीन साडेतीन तास कापत होतं. मी चिडून रात्री दोनला गाळ्यावर गेलो. कोणी झोपलेलं नव्हतं. ऑपरेटर मशीनसमोर उभा होता, टूल तुटलं होतं आणि टूलच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. घरी. खुंटीवर.

किल्ली दिली, गेज दुप्पट केली, आता साडेपाच तासांवर आहे. पण त्या पोरांना पुण्यात नोकऱ्या लागल्या आणि ते ॲप बंद पडलं. दुरुस्त करायला कोणी नाही. अंबड-सातपूरला माझ्यासारखे किती गाळे असतील ते तुझ्या वडिलांना विचार. प्रत्येकाला गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर रोज आकडे चढवावे लागतात, प्रत्येकाची किल्ली कुठल्या ना कुठल्या खुंटीवर आहे. आयटीवाली मंडळी हिंजवडीहून लंडनचं बघतात, अंबडचं कोण बघणार?


मेळ्यातला_मेकॅनिक

नाना, शेवटचा परिच्छेद वाचून राहवलं नाही. ती "पुण्याला गेलेली पोरं" म्हणजे आम्हीच, फक्त आधीच्या बॅचची.

२००३ च्या कुंभात रामकुंडाकडे जाणाऱ्या गल्लीत चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. मी लहान होतो, पण ते आमच्या घरात अजून बोलतात. म्हणून २०१५ च्या कुंभाआधी जेव्हा अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर (नाशिकचेच) यांनी कुंभथॉन सुरू केलं, तेव्हा कॉलेजातून आम्ही धावत गेलो. गर्दी, साथीचे रोग, हरवलेली माणसं, राहायची सोय, जो तो एकेक प्रश्न उचलायचा. नाशिकच्याच एका शाळकरी पोराने गर्दी मोजणारी पायपट्टी केली, लोक वरून चालत गेले की आकडा पुढे जायचा. ती खऱ्या मेळ्यात वापरली. परदेशी माणसं सतरंजीवर बसून आमच्याबरोबर वायरी सोलत होती. पुढे टाटा कन्सल्टन्सीच्या फाउंडेशनने याच धर्तीवर डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर काढलं, त्यातून चांगली कामं झाली.

पण आमची स्वतःची वस्तू, साधूंच्या आखाड्यातल्या पाण्याच्या टाक्यांची पातळी कळवणारं यंत्र, मेळा संपल्यावर कोणाला विकणार होतो? बारा वर्षांनी येणारं गिऱ्हाईक हो. दोन सोसायट्यांनी घेतलं, तिसऱ्याने "वॉचमन वर चढून बघतो की" म्हणून परत पाठवलं. मी पुण्याला गेलो. आता २०२७ चा कुंभ आलाय आणि पुन्हा सगळीकडे कॅमेरे, ॲप, ड्रोन यांची चर्चा आहे. छान आहे. मी फक्त एवढंच विचारतो की २०२८ ला त्यातलं काय चालू असेल.

नाना, ते सेन्सर कोणत्या कंपनीचे होते? फोटो टाका, रविवारी येऊन बघतो. आईकडे यायचंच आहे.


बागाईतदार_दिंडोरी

टर्नर नानांना नमस्कार. तुमची पेटी वाचून आमची पेटी आठवली. तुमची लाकडी, आमची पुठ्ठ्याची, आत द्राक्षांचे अर्धा किलोचे पनेट, म्हणजे प्लास्टिकचे डबे.

नानांच्या एका मुद्द्याला मात्र आडवा येतो. गिऱ्हाइकं दहा ठेवली म्हणजे सुटलो असं नाही. २०१० चं साल घ्या. आमचा माल तेव्हा तीन निर्यातदारांकडे जायचा. मी पण नानांसारखा हुशार, एकावर अवलंबून नको. युरोपात द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट सापडलं. वेलीची वाढ रोखायला वापरायचं औषध, आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. आपल्या लॅबचा कागद स्वच्छ, तिकडच्या लॅबचा लाल. माझे तिन्ही निर्यातदार एकाच आठवड्यात अडकले. कारण गिऱ्हाइकं तीन होती तरी दार एकच होतं. रॉटरडॅमचं. बंदरात कंटेनर पडून राहिले. त्या वर्षी किती बागांवर कुऱ्हाड चालली ते निफाड-दिंडोरीत कोणालाही विचारा.

म्हणून ताईंनी हेही विचारावं: दहा गिऱ्हाइकं असतील तर दहाही एकाच देशातली आहेत का? तिकडे एक कायदा बदलला किंवा एक नवं सॉफ्टवेअर आलं की दहांचे ईमेल एकाच दिवशी येतात.

बाकी टेक्नॉलॉजी म्हणाल तर आमच्याकडे ती आयटी पार्कच्या आधी आली. अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं सरकारी खातं) ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीत माझ्या प्रत्येक प्लॉटला नंबर आहे. लंडनच्या दुकानात पनेटवरचा कोड बघितला की तो दिंडोरीच्या कोणत्या बागेतला माल आहे ते निघतं. रेसिड्यूचं, म्हणजे फवारलेल्या औषधाच्या अंशाचं, सॅम्पल पास झाल्याशिवाय तोडणी नाही. मण्याची साइज रिंगने मोजायची. फवारणीची वही आता मुलगा मोबाइलवर लिहितो. मोहाडीला सह्याद्री फार्म्स बघून या एकदा, शेतकऱ्यांची कंपनी आहे. पॅकहाउसमध्ये शिरलात की शेत आहे की कारखाना, कळत नाही.

पण एक सांगू का, गोडी छाटणीला, डिपिंगला, थिनिंगला माणसंच लागतात. पेठ-सुरगाणा तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात. पूर्वी मुकादमाला निरोप धाडायचो, आता टोळीतली बाईच मला व्हॉट्सॲप करते, "भाऊ, पलीकडचा एकरी जास्त देतो." रास्त आहे. भाव मला रॉटरडॅम सांगतो आणि मजुरी पेठ सांगते, मी मधल्यामध्ये. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या, दोन आठवडे जास्त. त्या दोन आठवड्यांत देठ तपकिरी पडतो. तिकडून फोटो येतो, देठाला गोल केलेला, आणि खाली कापलेला भाव.

गावाजवळच्या चुलतभावाने कंटाळून बाग काढली, प्लॉट पाडले. त्यातला एक पुण्याच्या आयटीवाल्याने घेतला, म्हणे रिटायरमेंटनंतर द्राक्षबाग लावणार. आता दोन गुंठ्यांत कसली बाग लावतो ते त्यालाच ठाऊक.


गोदाकाठचा_गण्या

दादा, दोन गुंठ्यांत तो पाटी लावेल: "ॲग्रो टुरिझम".


पवननगरची_लेक

सगळ्यांचे आभार. धाग्याचं काय होऊन बसलंय बघा, मी पगार विचारायला आले होते.

काल त्या कंपनीच्या एचआरशी फोन झाला. नानांनी सांगितलेलं विचारलं. आधी ती म्हणाली, हे सहसा कोणी विचारत नाही. मग तिने डायरेक्टरना जोडलं. त्यांनी खरं सांगितलं, त्याबद्दल मला त्यांचं बरं वाटलं: एका गिऱ्हाइकाचं काम सत्तर टक्के. बाकी चार छोटी. बागाईतदार दादा, पाचही अमेरिकेतली.

बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की त्यांच्या कंपनीत २००२ ला व्हीआरएस आली तेव्हा त्यांनी सही केली, कारण गेट आहेतच अशी खात्री होती. बाहेर पडले तर पाट्या होत्या, पण खडूने लिहिलेलं होतं "सीएनसी ऑपरेटर पाहिजे". हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा पाचवीत होते. मला वाटायचं बाबा घरी असतात कारण त्यांना माझा अभ्यास घ्यायचाय. त्यानंतर त्यांनी ४२ व्या वर्षी सीएनसीचा क्लास लावला, विशीतल्या पोरांबरोबर.

मी डायरेक्टरना विचारलंय की आठवड्याला चार दिवस घेता का, त्या प्रमाणात पगार कमी करा. सोमवारी सांगतो म्हणालेत. पाचवा दिवस मला मोकळा हवाय. कशासाठी ते नानांच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. पैसे मिळतील की नाही माहीत नाही, नवऱ्याने आधीच गणित मांडून दाखवलंय की मिळणार नाहीत. त्याच्या कंपनीला माल देणाऱ्या सहा गाळ्यांची नावंही त्यानेच कागदावर लिहून दिलीत.

नाना, मेकॅनिक दादा रविवारी येणार असतील तर मी पण येऊ का? गाळा नंबर मेसेजमध्ये पाठवा. बाबा पण येतो म्हणतायत. ते विचारतायत, १९९६ चा तो एचएमटीचा लेथ अजून आहे का.


अंबडचा_टर्नर

आहे. चक बदललाय फक्त.